माझ्याशिवाय नाटक सुरू होत नाही

लिफ्टकाकांना कुणी विचारलं, की तुम्ही काय करत होतात, तर ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "माझ्या हातून रोज शे-दोनशे माणसं वर जायची. पोलिसांनी मात्र कधी विचारलं नाही." मग समोरचा हसेपर्यंत थांबायचे, आणि तो नाहीच हसला तर स्वतःच हसून घ्यायचे. एका जुन्या कचेरीच्या लिफ्टमध्ये, जाळीच्या दारापाशी लाकडी स्टुलावर बसून त्यांची सगळी नोकरी झाली. माणसं कारकून म्हणून चढली आणि साहेब होऊन उतरली. काका जिथे बसले होते तिथूनच निवृत्त झाले. बढती म्हणाल तर एकदाच मिळाली, स्टुलाला गादी आली तेव्हा.

निवृत्तीनंतर बायकोशी निवांत भांडायचं, असा त्यांचा बेत होता. इतकी वर्षं घाईघाईत भांडणं उरकावी लागली होती. पण ती वर्षभरातच गेली. "आणि तीही माझ्या मदतीशिवाय वर गेली," हे काका सांगायचे तेव्हा कुणी हसायचं नाही, तेसुद्धा नाही.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचं काकांनी सोडून दिलं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं: बाबा, इकडे या, खोली रिकामी आहे, तिथे तुमचं आहे कोण? काका एकदा तिकडे जाऊन राहून आले होते. मुलगा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. त्याच्या इमारतीतली लिफ्ट आपली आपण चालायची आणि त्यात एक बाई गोड आवाजात मजला सांगायची. काकांनी दोन दिवस तिच्याशी बोलून पाहिलं, पण ती आपलंच म्हणणं पुढे रेटायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी परतीचं तिकीट काढलं. चार भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार.

इकडे मात्र घरात बसवेना. म्हणून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वस्तीतल्या लोकांसाठी नाटकाचा वर्ग सुरू झाल्याची पाटी दिसली, तेव्हा काका केस नीट विंचरून गेले. आपण हिरो होणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आवाज खणखणीत होता. मजल्यांची नावं पुकारून कमावलेला. वर्ग घेणाऱ्या बाई दिवसा शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी इथे यायच्या. त्यांनी काकांना एक वाक्य दिलं आणि रंगमंचावर उभं केलं. काका थेट कोपऱ्यात गेले, लोकांकडे पाठ केली आणि मागच्या भिंतीला ते वाक्य म्हणून दाखवलं. काय करणार? लिफ्टमध्ये माणसं नेहमी पाठीमागे. पुन्हा करायला लावलं, पुन्हा पाठ. बाई बिचाऱ्या सज्जन. म्हणाल्या, तुमची पाठ छान बोलते काका, पण प्रेक्षकांना चेहराही लागतो. मग जरा विचार करून त्यांनी काकांच्या हातात पडद्याची दोरी दिली. दार उघडा, दार लावा. काकांना वाटलं, देवाने आपल्याला एकच काम नेमून दिलंय आणि तो काही बदली करायला तयार नाही.

तेही काम धड केलं असतं तर. पहिल्याच प्रयोगात पहिल्या अंकात नायकाच्या दाराची घंटी वाजली. आता, घंटी वाजली की कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर खोळंबलंय, जाळी ओढायची आणि निघायचं, हे काकांच्या मनगटात मुरलेलं. घंटी वाजली आणि काकांनी पडदा ओढला. नायकाचं वाक्य तोंडातच राहिलं. लोकांना वाटलं मध्यंतर झालं, आणि अर्धे लोक चहाला उतरले. त्यांना हाका मारून वर आणेपर्यंत नायिकेचा मेकअप उतरला. त्या दिवसापासून त्या मंडळाच्या नाटकात कुणाच्याच घराला घंटी नाही. पाहुणा राजा असो की पोस्टमन, दार ठोठावूनच आत येतो. काका हा किस्सा स्वतः सांगत फिरायचे. दुसऱ्याने सांगितला तर तो त्यात मीठ-मसाला घालेल, त्यापेक्षा आपणच घातलेला बरा.

पडद्याचीही एक गंमत होती. तो एकट्या नाटकवाल्यांचा नव्हता. कालव्यापलीकडे शाळेच्या सभागृहात एक गाण्याचा वर्ग चालायचा, आणि गोदामांच्या मागे एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये एक बाहुल्यांचा गट होता. तिघांनाही पडदा हवा, आणि एकट्याने घ्यायची कुणाचीच ऐपत नाही. म्हणून तिघांनी मिळून एकच घेतला, मातकट लाल रंगाचा, जाडजूड. हातगाडीवर घालून तो या हॉलमधून त्या हॉलमध्ये जायचा. आणि त्याची डावी बाजू हमखास अडकायची. कप्पीत दोरी कुठे चावते आणि कुठल्या क्षणी झटका द्यायचा, हे इतक्या वेळा अडकवून अडकवून काकांना कळलं होतं. तेव्हा पडदा जिथे जाईल तिथे काकाही जायचे. उसन्या भांड्याबरोबर झाकण जातं तसं.

आता, काकांच्या पोटात काही राहत नाही. गाण्याच्या वर्गात गेले की नाटकातली खबर तिथे, आणि तिथली खबर बाहुल्यांकडे. गाणाऱ्यांकडे खालच्या पट्टीतला एकही पुरुष नाही, हे त्यांनी गॅरेजात सांगितलं, तेव्हा कळलं की गोदामाचा पहारेकरी रात्रभर घुमणाऱ्या आवाजात गातो आणि भाडेकरूंच्या शिव्या खातो. त्याला कालव्यापलीकडे पोहोचवलं. नाटकात एक कुत्रा हवा होता. खरा कुत्रा तालमीत सगळ्यांना चावला. बाहुल्या करणाऱ्या बाईने, जिला सगळे बाहुलीवाली म्हणायचे, चिंध्यांचा असा कुत्रा करून दिला की लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले आणि नायक रुसला. कालव्याच्या दोन्ही काठांची ओळख आधी फक्त गाड्या कुठे लावायच्या यावरून होणाऱ्या भांडणातून होती. भांडणं अजूनही व्हायची, नाही असं नाही. पण आता निदान एकमेकांची नावं घेऊन व्हायची. गोदामांमधली बोळ अंधारी म्हणून बायका गॅरेजात यायला कचरायच्या. तिन्ही गटांनी मिळून पालिकेत इतक्या खेपा घातल्या की तिथल्या साहेबाने वैतागून दिवे लावून दिले.

एकदा कुठल्याशा कार्यालयातून एक तरुण आला आणि हे सगळं कसं जमलं ते विचारू लागला. बाईंनी काकांकडे बोट दाखवून सांगितलं, आमच्याकडे समन्वयाचं काम हे बघतात. काकांना हसू आवरेना. ज्याला बाई समन्वय म्हणत होत्या, त्याला त्यांची बायको आयुष्यभर चोंबडेपणा म्हणत आली होती. ती असती तर त्या तरुणाला तिने समन्वयाचे एकेक नमुने ऐकवले असते.

अशा सगळ्या थाटात एका रविवारी मुलाचा फोन आला, आणि या वेळी बोलणं नेहमीचं नव्हतं. तो म्हणाला, आता बास झालं बाबा. महिनाअखेरीला मी येतो, घरमालकाशी बोलतो, तुमची खोली सोडून देऊ आणि सामान घेऊन निघू. काकांनी तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते त्यांनी ठरवून काढलेलं नव्हतं.

"मला नाही यायला जमणार. इथे माझ्याशिवाय नाटक सुरू होत नाही."

मग मुलाने विचारलं, म्हणजे तुम्ही मुख्य काम करता? काका म्हणाले, आता काय सांगू, सुरुवातही माझ्यामुळे आणि शेवटही. यात खोटं एक अक्षर नव्हतं, हे त्यांनी नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं. मुलगा म्हणाला, मग मी बघायलाच येतो. खरंच तसं असेल तर राहा तिथे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नसेल तर मात्र गुपचूप माझ्याबरोबर यायचं.

झालं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा. काका दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले आणि त्यांनी भीक मागितली: एक भूमिका द्या, दोन वाक्यांची का असेना. बाईंनी पत्ता चुकून आत शिरलेल्या पाहुण्याचं काम दिलं आणि दोरी तेवढ्यापुरती दुसऱ्या कुणाकडे. काका आठवडाभर आरशासमोर उभे राहून चेहरा पुढे ठेवायला शिकले. तालमीत चेहरा खरोखरच पुढे राहिला, वाक्यंही बरोबर आली. फक्त पाहुण्याने वाक्य बोलून निघून जायचं होतं, तर काका दारापाशी अदबीने उभेच. सगळे उतरल्याशिवाय आपण उतरायचं नाही, ही शिस्त. नायक जाईना, नायिका जाईना, कारण त्यांचा प्रवेश अजून बाकी होता; काकाही जाईनात. तिघं एकमेकांकडे बघत उभे. शेवटी कुणीतरी चिंध्यांच्या कुत्र्याला ओढत नेलं तेव्हा काका त्याच्यामागून बाहेर पडले. त्यांनी आपणहून दोरी परत मागून घेतली. सोंग घ्यायचं तर ते वठायला पाहिजे ना.

प्रयोगाच्या दिवशी मुलगा आला. थोडा वाळला होता. रंगमंचाच्या आडोशाला दोरी धरून काका फटीतून बघत होते. तिसऱ्या रांगेत तो कडेला बसला होता आणि त्याच्या शेजारी, दैव बघा, गाण्याच्या वर्गातली मावशी. ही मावशी म्हणजे बोलण्यात काकांचीही गुरू. काकांनी पडदा उघडला. डावी बाजू अडकली नाही. पहिलं पात्र आत आलं, आणि मुलगा पुढे सरसावून बघू लागला. बाप नाही म्हटल्यावर मागे टेकला. दुसरं आलं, पुन्हा पुढे. दार ठोठावलं गेलं की तो ताठ व्हायचा, आणि आत येणारा दुसराच कुणी निघाला की सैल पडायचा. काकांनी आजवर त्याला इतकं आशेने कशाची वाट बघताना पाहिलं नव्हतं, शाळेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की दोरी सोडून मागच्या जिन्याने पळून जावं. पण मग पडदा कोण पाडणार.

मध्यंतरात मावशी मुलाशी बोलायला लागली. काकांना ऐकू येत नव्हतं, नुसते तिचे हात दिसत होते, आणि त्या हातांनी ती मध्येच दोरी ओढल्याचा अभिनय करत होती. संपलं, काका मनाशी म्हणाले. मग मागच्या रांगेतला पहारेकरी वाकून काही बोलला. मग वाचनालयातला कुणी, मग कालव्यापलीकडचा कुणी. मुलगा एकेकाकडे मान वळवत होता. दुसऱ्या अंकात तो पुढे सरसावला नाही. काका मनातल्या मनात सामान बांधायला लागले.

शेवटचा पडदा पडला, टाळ्या झाल्या, आणि मुलगा मागे आला. काकांनी दोरी गुंडाळायचं निमित्त करून त्याच्याकडे पाठ ठेवली. तो म्हणाला, चला बाहेर बसू. हॉलच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, त्याच्या पायऱ्यांवर दोघे बसले.

काकांनी स्वतःच सुरुवात केली. ठरलं ते ठरलं, मी कपडे भरतो, म्हणाले. तुला फसवायचं नव्हतं, पण मला तिकडे यायची भीती वाटते. दिवसभर माणसाचा आवाज नाही, तोंड उघडायला कारण नाही. इथे निदान हातात दोरी आहे.

मुलगा बराच वेळ हातातल्या फोनचा पडदा बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "त्या मावशींनी मला विचारलं, तुझ्या शेजारी कोण राहतं. मला सांगता आलं नाही. चार वर्षं झाली बाबा, मजल्यावर चार दारं आहेत, मला एकाचंही नाव माहीत नाही. कधी कधी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून निघतो तो, रविवारचा तुमचा फोन सोडला तर, थेट सोमवारीच तोंड उघडतो."

काका गप्प झाले. ही त्यांच्या आयुष्यातली विरळा गोष्ट.

"मग हे आधी का नाही बोललास?" त्यांनी शेवटी विचारलं. "मी तुझ्यासाठी आलो नसतो का?"

"मी तुम्हाला सांभाळायला नेतोय, असं म्हणायला बरं वाटत होतं," मुलगा म्हणाला. "मला सोबत हवीय, हे म्हणायला लाज वाटत होती."

काकांना वाटलं, याला जवळ घ्यावं. पण तो एवढा मोठा झाला होता की कुठून सुरुवात करावी हे कळेना. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. हा नक्कीच आपलाच पोरगा, त्यांच्या मनात आलं. एक पडद्यामागे उभा राहून मुख्य भूमिका सांगतो, दुसरा एकटा बसून दुसऱ्याच्या एकटेपणाची काळजी करतो. सोंगं घरातच शिकवली जातात, त्याला वर्ग कशाला लागतो.

खोली सोडायची नाही, असं ठरलं. काकांनी एक पिशवी भरली आणि महिनाभराची रजा मागायला बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, जा निश्चिंत. काकांना वाटलं होतं, निदान थोडी पंचाईत होईल. त्यांनी बाहुलीवालीला कप्पी दाखवली, झटका कुठे द्यायचा ते समजावलं, चुका किती होऊ शकतात ते खुलवून सांगितलं. तिने पहिल्याच खेपेला पडदा असा सुळकन ओढला की काकांना तो आपला वाटेना. हे त्यांना फारसं आवडलं नाही. पण निघताना त्यांनी तिचं कौतुक केलं, कारण मावशी बघत होती आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

मुलाच्या घरी पोहोचले त्या संध्याकाळी काकांनी पिशवीही उघडली नाही. मोरीतला नळ गळत होता, तेवढं बघून ते सरळ दार उघडून बाहेर गेले आणि समोरचं दार ठोठावलं. पाना त्यांच्या खिशातच होता. पण मागायला काहीतरी लागतं. मुलगा मागून दबक्या आवाजात बाबा, बाबा करत होता. दार एका चष्मेवाल्या गृहस्थाने उघडलं, हातात अर्धवट सोललेला कांदा. काकांनी पाना मागितला. गृहस्थाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, आपण कोण?

काकांनी मागे हात घालून उंबऱ्याआड उभ्या असलेल्या मुलाला दंडाला धरलं आणि उजेडात पुढे केलं.

"मी याचा बाप," ते म्हणाले. "आणि हा तुमचा शेजारी."